मामांचा उजवा हात

अर्धांगवायूबद्दल मी याआधीही लिहिलं आहे. लक्षणं कशी ओळखायची, पहिल्या साडेचार तासांना इतकं महत्त्व का, रक्तदाबाची गोळी मनाने का बंद करू नये, हे सगळं त्यात येऊन गेलं. पण तुमच्याकडून पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न वेगळाच असतो. "बाबा आता काठी घेऊन चालतात, पण हात उचलत नाहीत." "आईचा हात कोपरात वाकून छातीशीच राहतो, रोज मालिश करतोय, अजून काय करू?" हातावर लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती वगळून लिहिणं मला जमेना.

आमच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहेत. गावातले सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. चोवीस वर्षांपूर्वी मी एका ज्येष्ठ डॉक्टरांकडून हा दवाखाना घेतला, तेव्हा मामा दवाखान्याबरोबरच आले. सकाळी शटर उघडणं, केसपेपर काढणं, नंबर पुकारणं, जखमेला पट्टी बांधणं, गोळ्यांच्या पुड्या करणं, सगळं तेच बघायचे. पेशंट खिशातून पैसे काढेपर्यंत त्यांच्या तिन्ही वेळच्या पुड्या बांधून तयार असायच्या. रक्तदाब त्यांना दहा वर्षांपासून. लोकांना "गोळी चुकवू नका हं" म्हणून दटावणारा हा माणूस स्वतः मात्र "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडायचा, हे मला नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी, पावणेसातच्या सुमारास, शटर उचलताना त्यांचा उजवा हात जड पडला. त्यांनी डाव्या हाताने शटर वर ढकललं आणि "अंगावरून वारं गेलं असेल" म्हणून घरी जाऊन पडले. मी दहाला आले. दवाखाना उघडा आणि मामा नाहीत, म्हणजे बाजारात गेले असतील असं धरून मी पेशंट तपासायला बसले. मामींचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मिरजेला पोचेपर्यंत साडेचार तास केव्हाच उलटून गेले होते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूला आतल्या भागातली एक रक्तवाहिनी बंद पडली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची वेळ गेली होती.

इथे थोडं शरीररचनेचं बोलू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात जातो, कारण मेंदूकडून हाताकडे आज्ञा नेणाऱ्या तंतूंची मुख्य वाट कवटीच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा वर, बाजू बदलते. आता प्रश्न असा की पाय आधी का सुधारतो आणि हात मागे का राहतो? धड, खांदा, मांडी यांच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आणि मेंदूच्या देठातून निघणाऱ्या इतर जुन्या वाटांनीही थोड्याफार आज्ञा मिळतात. उभं राहायला आणि चालायला तेवढ्यावर पुष्कळसं भागतं. पण बोटं सुटी सुटी हलवायची, शर्टाचं बटण लावायचं, चिमटीत मीठ घ्यायचं, तर तिथे ती एकच मुख्य वाट लागते. तीच तुटली तर दुसरी सोय फार थोडी. शिवाय माणूस पाय टाळू शकत नाही, संडासापर्यंत जायचं तरी पाय टाकावाच लागतो. हात मात्र टाळता येतो. दुसरा असतोच ना!

दुसऱ्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांनी मामांना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. हात बाजूला उचला, आणि मूठ उघडा. हात जेमतेम वीतभर सरकला. बोटं उघडली म्हणण्यासारखी उघडली नाहीत, पण अंगठा आणि दोन बोटं जराशी वर आली. डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मी शेजारीच उभी होते. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी फिजिशियन आहे. मी साखर, सोडियम आणि रक्तदाब बघत होते.

या दोन साध्या हालचालींवर नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. ज्यांना दुसऱ्या दिवशी खांद्यातून हात थोडा बाजूला नेता येत होता आणि बोटं थोडी तरी उघडता येत होती, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं, त्यांच्यात ती २५ टक्के होती. म्हणजे मामांचा हात त्या दिवशी आम्हाला सांगत होता की माझ्यात काहीतरी शिल्लक आहे. हा अभ्यास मी वाचला तो चार महिन्यांनी.

घरी सोडताना कार्डावर शेवटची ओळ होती, 'फिजिओथेरपी करणे'. या ओळीबद्दल मला कुणालाच नावं ठेवता येत नाहीत, कारण ती मी स्वतः शेकडो कार्डांवर लिहिली आहे. किती, कशी, कुणाकडून, किती दिवस? काही नाही. 'करणे'. दहा दिवस एक मुलगा घरी येऊन गेला. तो मामांना झोपवून हात वर-खाली, आत-बाहेर करायचा आणि वीस मिनिटांत निघायचा. हात तो हलवायचा, मामा छताकडे बघत पडायचे. सांधे आखडू नयेत म्हणून अशी हालचाल लागतेच, ती वाईट नाही. पण तिने मेंदू काही शिकत नाही. पोहणाऱ्याकडे काठावरून बघून पोहता येतं का? दहा दिवसांनी पैसे परवडेनात आणि तेही थांबलं.

पुढे जे झालं ते प्रेमापोटी झालं, म्हणून मी ते सविस्तर सांगते. तुमच्या घरातही बहुधा हेच चाललं असेल. मामी घास भरवायच्या. मुलगी शर्ट घालून द्यायची, बटणं लावायची, केस विंचरायची. शेजारचा एक जण रोज सकाळी त्यांना उजव्या हाताला धरून खाटेवरून ओढून उठवायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात खांदा दुखायला लागला. कुणीतरी रबरी चेंडू आणून दिला आणि "दिवसभर दाबत राहा, ताकद येईल" असं सांगितलं. मामा शिस्तीचे. ते दिवसभर दाबत राहिले.

दोन महिन्यांनी ते काठी घेऊन दवाखान्यात यायला लागले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी पाठ टेकायची चांगली खुर्ची आणली, पगार पूर्ण सुरू ठेवला, एक मुलगी कामाला ठेवली आणि म्हटलं, "मामा, तुम्ही फक्त नंबर पुकारा. बाकी काही करायचं नाही." ते खुर्चीत बसायचे, उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली. मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवलेली असावी तसा तो हात दिसायचा. बँकेत पगार काढायला सही जुळेना, म्हणून अंगठा द्यावा लागला. चौथी पास असल्याचा आणि सही मोत्यासारखी असल्याचा त्यांना भारी अभिमान. त्या दिवशी ते परत आले आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मी त्यांना चहा पाजला. माझ्या हाताने.

मार्गशीर्षात एका दुपारी टेबलाच्या कडेवरून ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे घसरला. मामांच्या डाव्या हातात केसपेपर होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि ट्रेखाली आला. ट्रे तिरका झाला, कात्री खाली पडली, पण ट्रे राहिला. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. "मॅडम, हा हलला," मामा म्हणाले. मी म्हटलं, "परत उचला बघू." त्यांनी प्रयत्न केला, आणि हात जेमतेम हलला.

त्या रात्री मी वाचायला बसले. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांबद्दल नुसतं नावापुरतं एमडीच्या वेळी ऐकलं होतं. त्यांनी माकडांच्या एका हाताची फक्त संवेदना नेणारी नस कापली होती. हालचालीच्या नसा शाबूत होत्या. तरी माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. कारण पहिले काही दिवस प्रयत्न केला की हात चुकत होता, वस्तू पडत होती, आणि चांगल्या हाताने काम पटकन होत होतं. हात सावरल्यावरही माकडाला ते कळलंच नाही, कारण त्याने विचारणंच बंद केलं होतं. मग टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला, आणि काही दिवसांत 'निकामी' हात कामाला लागला. (याच प्रयोगांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या हालांबद्दल मोठं वादळ उठलं आणि पोलिसांनी प्रयोगशाळेतून माकडं नेली. तो वाद विसरण्यासारखा नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.) न वापरण्याची ही लागलेली सवय माणसातही दिसते. इजा एक, आणि तिच्यावर चढलेली सवय दुसरी. मामांची इजा मेंदूत होती, पण सवय आम्ही लावली होती. मामींनी, मुलीने आणि मी. चांगली खुर्ची आणून.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन केला. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने मामांना नीट तपासलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही यांना पेन्शनीत काढलंय." राग आला. घरी जाईपर्यंत टिकला नाही.

तिने आधी खांदा बघितला. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. अशा हाताला धरून ओढलं, काखेत हात घालून उचललं की सांधा दुखावतो, आणि दुखणारा हात कुणीच वापरत नाही. उठवताना कमरेला आणि पाठीला आधार द्या. बसताना हाताखाली उशी ठेवा, लोंबकळू देऊ नका. गळ्यातली झोळी फक्त उभं असताना वापरा, दिवसभर नको, नाहीतर कोपर वाकलेलंच राहतं. छताला कप्पी लावून दोरीने हात जबरदस्तीने वर ओढण्याचा व्यायाम अजून बरेच जण सांगतात. तो दुबळ्या खांद्याला त्रासच देतो. या हातातून शक्यतो सलाईन देऊ नये आणि गरम पाण्याच्या पिशवीने तो शेकू नये, कारण संवेदना कमी असली तर भाजलेलंही कळत नाही. असे फोड मी पाहिले आहेत.

मग तिने चेंडू काढून घेतला. मामांना वाईट वाटलं. पण यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. पक्षाघातानंतर हात आधी लुळा असतो, मग काही आठवड्यांत बऱ्याच जणांत तो ताठरायला लागतो, आणि ताठरपणाचा ओढा मिटण्याकडे असतो. कोपर वाकतं, मनगट आत वळतं, मूठ आवळते. अशा माणसाला मिटायला शिकवायची गरज नाही, ते त्याला न मागता येतं. अवघड आहे ते उघडणं. ग्लास धरता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा पकड कमी आहे हे नसतं, ग्लासाभोवती नेण्याइतकी बोटं उघडत नाहीत हे असतं. (ज्यांची मूठ ताठर नाही, फक्त दुबळी आहे, त्यांना चेंडूने फारसं बिघडत नाही. सरसकट सगळ्यांचे चेंडू फेकू नका, आधी कुणाला तरी दाखवा.)

आणि मग तिने डाव्या हाताला मोजा घातला. चक्क थंडीतला लोकरीचा मोजा. बसलेलं असताना, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. चालताना, जिन्यावर, अंघोळीला, चुलीजवळ आणि गरम चहा घेताना मोजा काढायचा, म्हणजे तोल गेला तर चांगला हात मोकळा हवा. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात २२२ रुग्ण होते, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले. त्यांनी दोन आठवडे, जागं असतानाचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा घातला आणि कामाच्या दिवशी सहा-सहा तासांपर्यंत सराव केला. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट सुधारला, आणि दोन वर्षांनीही ती सुधारणा टिकून होती. 'सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही नाही' हे वाक्य मीही पेशंटना ऐकवलेलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत वेग सर्वांत जास्त असतो हे खरं, पण दार त्यानंतर बंद होतं हे खरं नाही.

आमच्याकडे सहा तास कुठून आणायचे? फिजिओ आठवड्यातून दोनदा येणार, बाकीचं आमच्यावर. मग दवाखानाच वापरला. रिकाम्या औषधाच्या बाटल्या एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात. टेबल पुसणं, फडक्यावर हात पसरून, लांबवर ढकलत. खण उघडणं, बंद करणं. केसपेपर उलटणं. गोळ्यांच्या स्ट्रिप्स रंगाप्रमाणे लावणं. बोटांभोवती रबर बँड घालून बोटं उघडणं. आणि चिंचोके. एका वाटीत चिंचोके, प्रत्येक हालचालीला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. अमेरिकेत फिजिओथेरपीच्या सत्रांत खरोखर किती वेळा हात वापरला जातो हे २००९ मध्ये कुणीतरी बसून मोजलं, तर कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला चारशे-सहाशे वेळा करून घेतात. बत्तीस आणि चारशे! मामांनी पहिल्या दिवशी साठ केल्या आणि घामाघूम झाले. महिनाअखेर तीनशेवर गेले. जुन्या केसपेपरच्या पाठीमागे ते डाव्या हाताने आकडा लिहून ठेवायचे. ते कागद अजून माझ्या खणात आहेत.

मोजण्याला अर्थ का आहे? १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो यांनी माकडांवरच दाखवलं की मेंदूत हाताच्या जागेतला थोडा भाग मेला आणि हात वापरला नाही, तर शेजारच्या न मेलेल्या भागातली हाताची जागाही आक्रसते. बारीक कामाचा सराव करून घेतला तर ती टिकते, पसरतेही. पडीक ठेवलेल्या रानात शेजाऱ्याचा बांध सरकतो, तसंच काहीसं.

पहिला आठवडा घरात भांडणाचा गेला. मामी रडल्या. "मॅडम, माणूस भुकेला बसलाय आणि मी घास भरवायचा नाही?" मामा चमच्याने भात तोंडाकडे न्यायचे, निम्मा सांडायचा. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणं अनेकांना अपमानाचं वाटतं, आणि उजव्याने सांडत जेवणं त्याहून. म्हणून भरवणं सर्वांत सोयीचं होतं. आम्ही तडजोड केली. पहिले दहा घास उजव्या हाताने, चमच्याला कापड गुंडाळून जाड करून, बाकीचं कसंही. मग पंधरा. या तडजोडी प्रत्येक घराने आपापल्या करायच्या असतात.

आता सावधगिरीचं बोलते, कारण हे वाचून कुणी उद्याच बाबांचा हात बांधायला घेईल.

मोजा सगळ्यांसाठी नाही. मनगट थोडं वर उचलता यायला हवं, अंगठा आणि किमान दोन बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत, आणि माणसाला काय चाललंय ते समजायला हवं. पहिल्या दिवसांत अति करू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुरुवातीच्या दिवसांतच जास्त तीव्र मोजा-उपचार दिलेल्यांचा हात तीन महिन्यांनी कमी सुधारलेला निघाला. दुसरी गोष्ट, उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही जणांना डावी बाजू जगात आहे याचंच भान राहत नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. त्यांना आळशी म्हणू नका. त्यांच्या डावीकडे बसून बोला, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. उदासी हाही पक्षाघातानंतरचा नेहमीचा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. 'यांची इच्छाशक्तीच नाही' म्हणण्याआधी ते तपासून घ्या.

आणि ज्यांचं बोट अजिबात हलत नाही, त्यांचं काय? खोटी आशा दाखवत नाही. पण त्यांच्यासाठीही काम आहे. सांधे मोकळे ठेवणं, खांदा दुखू न देणं, तळहात स्वच्छ आणि नखं कापलेली ठेवणं. आवळलेल्या मुठीत नखं रुतून जखमा होतात. आरशाचा उपचार करून बघता येतो. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा, दुखणारा हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. चांगला हात हलवत प्रतिबिंबाकडे बघायचं आणि मागचा हातही तसाच हलवायचा प्रयत्न करायचा, रोज पंधरा-वीस मिनिटं. ही युक्ती मुळात चेन्नईत डॉक्टर झालेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी काढली आणि पुढे पक्षाघाताकडे आली. फार ताठर हाताला बोट्युलिनमचं इंजेक्शन सैल करतं. हात धुणं, बाही घालणं सोपं होतं, पण नुसत्या इंजेक्शनने काम येत नाही. आणि हात आला नाही तर तो माणसाचा दोष नाही, घरच्यांचाही नाही. वाट पूर्ण तुटलेली असेल तर चिंचोके मोजून ती जोडली जात नाही.

कबुतराचं रक्त चोळल्याने काही होत नाही. तेलाने हलकं मालिश करून बरं वाटत असेल तर करा, पण तो व्यायाम समजू नका. मूळ पेशींचं पॅकेज घेऊ का, असं बरेच जण विचारतात, शेत विकायची तयारी असते. भारतातच पाच केंद्रांवर १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन पाहिल्या गेल्या, निष्कर्ष २०१४ मध्ये आले आणि फायदा दिसला नाही. शेत ठेवा. फ्लुओक्सेटिन या उदासीवरच्या गोळीबद्दल २०११ मध्ये मोठी आशा होती की तिने हात सुधारतो. ब्रिटनमध्ये तीन हजारांवर रुग्णांना देऊन पाहिली तेव्हा २०१८ मध्ये कळलं की अपंगत्वात फरक नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. उदासी असेल तर ती जरूर द्यावी, हातासाठी नको.

एक गोष्ट मला स्वतःला टोचते, तीही सांगते. घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करायचं, हे आपल्या देशासाठी किती छान उत्तर वाटतं! भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हे तपासलं गेलं. घरच्यांना रुग्णालयात शिकवलं, नंतर दोन महिन्यांपर्यंत घरी पुढे चालू ठेवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबनात काहीच फरक नाही. म्हणून मामांची गोष्ट सांगून मी तुम्हाला 'सगळं घरीच जमतं' असं म्हणत नाही. आमच्याकडे फिजिओ आठवड्यातून दोनदा येत होती, चुका सुधारत होती, काम अवघड करत नेत होती. घरातला हात मोजायला आणि न भरवायला हवा. दिशा दाखवायला शिकलेलं माणूसच हवं. कार्डावर 'फिजिओथेरपी करणे' एवढंच असेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा, कुणाकडे, आठवड्यातून किती वेळा, आणि घरी रोज काय. मला कुणी विचारलं असतं तर मी अडखळले असते, आणि तेच बरं झालं असतं.

मामांचा आजचा हिशोब असा. खांदा दुखत नाही. उजव्या हाताने चमच्याने पूर्ण जेवतात, भाकरी मोडताना डावा मदतीला लागतो. ग्लास धरतात, अर्धा भरलेला. शर्टाची बटणं लागतात, वरचं सोडून. बाटली उजव्या हातात धरून झाकण डाव्याने उघडतात, उलट जमत नाही. पुडी बांधता येत नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. सहीचा सराव चालू आहे, बँकेत अजून अंगठाच. पहिले साडेतीन महिने वाया गेले नसते तर याहून किती आलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मामांनी ते कधी विचारलं नाही.

परवा सकाळी गर्दीच्या वेळी ओआरएसची पाकिटं खोक्यातून जमिनीवर सांडली. मी सवयीने खुर्चीवरून उठले. "बसा मॅडम," मामा म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि उजव्याने एकेक पाकीट उचलायला सुरुवात केली. सात पाकिटं होती. दोन हातातून निसटली, परत उचलली. चारएक मिनिटं लागली असतील. बाहेर एक बाळ रडत होतं आणि बाकावरचे सगळे दारातून आत बघत होते. मी बसून राहिले.